टाळ थांबतात तो क्षण : पालखीमार्गावरच्या संग्रहालयात चिंतनाची खोली

प्रश्न थोडक्यात असा आहे. पालखीमार्गावरच्या गावात एका ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. ४० बाय २५ फुटांचा, १४ फूट उंचीचा, दोन खिडक्यांचा आरसीसी हॉल रिकामा आहे. तिथे वारीवर ‘इमर्सिव्ह’, म्हणजे माणसाला चहूबाजूंनी वेढून घेणारी खोली करायची आहे, आणि आत आलेला माणूस अंतर्मुख व्हावा अशी इच्छा आहे. जवळ गाथेची जुनी हस्तलिखित पोथी आणि एक वीणा आहे. विक्रेत्याने चारही भिंतींवर आणि जमिनीवर चित्र टाकणारे आठ प्रोजेक्टर सुचवले आहेत. आठ घ्यावेत की सहा?

माझं उत्तर दोन. आणि तेही सगळ्यात शेवटी घ्या.

खरा प्रश्न प्रोजेक्टरचा नाहीच. बाहेर एसटीचा हॉर्न, उन्हाचा कडाका, खिशात वाजणारा फोन, आणि अशा अवस्थेत आलेल्या माणसाला तुमच्याकडे फार तर १२ ते १५ मिनिटं आहेत. तेवढ्यात त्याचं मन खाली बसवायचं आहे. चारही बाजूंनी हलतं चित्र लावलंत तर तो भारावेल, फोन काढून व्हिडिओ घेईल आणि ‘भारी होतं’ म्हणून निघून जाईल. भारावणं आणि अंतर्मुख होणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. डोळ्यांना सतत काम दिलं की मन आत वळत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. हॉल रस्त्याला लागून आहे का, वीज किती वेळा जाते, दिवसाला ५० माणसं येतात की ५००, यावर आकडे बदलतील. खालचा हिशोब मी २० माणसांची एक तुकडी, १५ मिनिटांचं चक्र आणि दिवसाचे सात तास धरून केला आहे. म्हणजे दिवसाला २८ तुकड्या.

खोलीचा गाभा कोणता, हे आधी ठरवा. वारीत तो आयता आहे. माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोहोचली की समाज आरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढेच टाळ वाजत राहतात, बाकी सगळं निःशब्द. ज्याने हे अनुभवलंय त्याला शांतता म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तुमची खोली या एका क्षणासाठी बांधा. बाकीचं सगळं, म्हणजे भिंती, दिवे, एसी, छत, त्या क्षणाची चाकरी करेल.

आता हा क्षण तुमच्या हॉलमध्ये आज का घडणार नाही ते पाहू. आत येण्याच्या वाटेसाठी हॉलच्या लांबीतले ८ फूट जातील (त्याबद्दल पुढे). उरलेली खोली ३२ बाय २५ बाय १४, म्हणजे ११,२०० घनफूट, सुमारे ३१७ घनमीटर. गिलाव्याच्या भिंती, काँक्रीटची स्लॅब, फरशी. हे पृष्ठभाग आवाज जेमतेम ३ टक्के शोषतात. आत सगळ्या बाजू मिळून सुमारे २९६ चौरस मीटर आहेत, त्यामुळे एकूण शोषण ९ चौरस मीटरच्या आत राहतं. सॅबिनच्या सूत्रात (०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण) घातलं की रिकाम्या खोलीचा निनादकाळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, पावणेसहा सेकंद येतो. चोपदाराचा दंड वर गेला, ध्वनिफीत थांबली, तरी आवाज ४० डेसिबलने उतरायला पावणेचार सेकंद घेणार. तो क्षण विरघळूनच जातो. शिवाय वारी उघड्या माळावर चालते, तिथे प्रतिध्वनी नसतो. तुमच्या हॉलमध्ये तेच ध्वनिमुद्रण मंगल कार्यालयातल्या भजनासारखं ऐकू येईल.

निनादकाळ १.३ सेकंदांपर्यंत आणायचा तर ३९ चौरस मीटर शोषण हवं, म्हणजे आहे त्यात ३० ची भर. ०.६५ ते ०.७ शोषणाचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) तक्ते घेतलेत तर सुमारे ४५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४८० चौरस फूट लागतील. छताचा ६० टक्के भाग त्यात झाकला जातो. तक्ते स्लॅबला चिकटवू नका, ६ ते ८ इंच खाली टांगा. मागच्या पोकळीमुळे मृदंगाच्या धुमाकडचा, खालच्या पट्टीतला आवाजही शोषला जातो. एक इंची फोम भिंतीला चिकटवून ‘साउंडप्रूफ’ म्हणणारे खूप भेटतील. तो फोम फक्त टाळांची किणकिण खातो, घुमणं तसंच राहतं, आणि आगीला तो आमंत्रण असतो. माणसं बसली की शोषण आणखी वाढतं, माणशी साधारण ०.४५ चौरस मीटर. तरी हिशोब रिकाम्या खोलीचाच धरा, कारण कधी तीनच माणसं येतील.

दुसरा शत्रू एसी. सर्वांत मोठा आवाज ७२ ते ७५ डेसिबल ठेवा, त्याहून जास्त नको, वृद्ध माणसं दचकतात. त्यानंतरची शांतता ३० ते ३२ डेसिबलवर उतरली तर ती जाणवते. स्प्लिट एसीचं आतलं युनिट भरात चालताना ४० च्या पुढे जातं आणि शांततेच्या जागी एक घरघर उरते. थंड हवा बाहेरून डक्टने आणा, आत फक्त जाळी ठेवा.

ताजी हवा मात्र टाळता येणार नाही. २० बसलेली माणसं तासाला सुमारे ३६० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली बंद असेल तर अर्ध्या तासात हवेतलं त्याचं प्रमाण दशलक्षात १,००० च्या आसपास आणि दीड तासात २,००० च्या वर जातं. मग माणसं पेंगतात आणि विश्वस्तांना वाटतं, वा, समाधी लागली! माणशी सेकंदाला १० लिटर, म्हणजे एकूण २०० लिटर हवा आणा. १२ इंची गोल डक्टमधून ती सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने, गुपचूप येते. पैसे वाचवायला ६ इंची पाइप टाकलात तर वेग ११ मीटर होईल आणि खोलीत दिवसभर शिट्टी वाजेल.

आता आत येण्याची वाट. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाताना काय होतं ते आठवा. चढण, मग ओवरी, मग दार, मग आतला काळोख, आणि वरच्या मोठ्या गवाक्षातून स्तूपावर पडणारा उजेड. तिथे एकही फलक न वाचता माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. डोळ्यांना पायऱ्या मिळतात म्हणून हे घडतं. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी बाहेर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, खोलीत हवा ३ ते ५. एका दारातून थेट आत घेतलंत तर पहिली पाच मिनिटं माणूस आंधळा असतो, चाचपडतो, चिडतो, आणि फोनचा टॉर्च लावतो. एका टॉर्चने बाकीच्या एकोणिसांचे डोळे पुन्हा बाहेरच्या उन्हात जातात. डोळ्यांना पुरतं सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. पण सुरुवातीची मोठी उडी तेवढी मोडून देता येते.

त्यासाठी ते ८ फूट. हॉलच्या २५ फुटी बाजूला समांतर, मधे भिंत घालून, ४-४ फुटांच्या दोन पट्ट्यांची वळणवाट करा. व्हरांड्यात ५०० लक्स, पहिल्या पट्टीत ५०, वळणानंतर १०, मग खोली. वळणामुळे दाराची गरज संपते आणि उजेड आत शिरत नाही. वाटेच्या भिंती गडद आणि पूर्ण मॅट हव्यात. चकाकणारा ऑइलपेंट असेल तर तो व्हरांड्याचा उजेड ढकलत ढकलत आतपर्यंत नेतो. व्हीलचेअर वळायची तर वळणाच्या कोपऱ्यात ५ बाय ५ फूट मोकळी जागा सोडा आणि वाटेत एकही पायरी ठेवू नका. चपला आणि फोन व्हरांड्यातच, एकाच मांडणीत, शेजारी शेजारी. पायताण काढायची सवय आपल्या अंगात आहे, त्याच हाताने फोनही ठेवला जातो. वेगळं लॉकर केलंत की वाद सुरू होतात. पावसाळ्यात ओले पाय पुसायला जाड काथ्याचं पायपुसणं लागेल, नाहीतर बसायच्या घोंगड्यांना आठवड्यात वास येईल.

दिव्यांबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा : अंधार महाग असतो. स्वस्त एलईडी ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं यंत्र) दहा टक्क्यांपर्यंत मंद होतात आणि मग टपकन विझतात, किंवा लुकलुकतात. तुम्हाला दिवा ४० सेकंदांत न कळत विझायला हवा, म्हणून १ टक्क्याच्याही खाली सलग उतरणारा ड्रायव्हर मागा आणि नमुना स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नका. मंद दिव्याखाली पेन्सिल झटपट हलवून बघा. एका पेन्सिलीच्या दहा तुटक सावल्या दिसल्या तर तो दिवा परत पाठवा. रंग २७०० केल्व्हिन, म्हणजे उबदार पिवळसर, दिवा स्वतः कोणाच्याही डोळ्यांना दिसता कामा नये. समई ठेवायचा मोह होईल. खरी ज्योत काजळी धरते आणि धुराचा अलार्म वाजवते, बॅटरीची प्लास्टिकची ज्योत खोटी दिसते. ज्या खोलीत माणसाने खरं व्हावं अशी अपेक्षा आहे तिथे खोटी वस्तू ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

उजेड चुकला तर काय होतं याचा मोठा धडा अमेरिकेत ह्यूस्टनला आहे. चित्रकार मार्क रॉथकोची १४ चित्रं असलेलं अष्टकोनी प्रार्थनागृह १९७१ मध्ये उघडलं. छताच्या मधोमध आकाशझरोका ठेवला, पण टेक्ससच्या उन्हात तो उजेड इतका प्रखर पडला की खाली आडोसे टांगावे लागले. २०२० मध्ये झरोका नव्याने बसवून खोली पुन्हा खुली झाली. तुमच्या दोन खिडक्या म्हणूनच पूर्ण बंद करा. ‘थोडा नैसर्गिक प्रकाश’ ठेवलात तर तो दर तासाला तुमचं गणित बिघडवेल.

मग वस्तू. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये सोलला एक चिंतनकक्ष उघडला. ४३९ चौरस मीटरची खोली, मातीच्या भिंती, किंचित चढती जमीन, आणि आत चिंतनमग्न बोधिसत्त्वांच्या फक्त दोन मूर्ती. याच्या अगदी उलट न्यूयॉर्कच्या रुबिन संग्रहालयात, २०२४ मध्ये त्याची इमारत बंद होईपर्यंत, असलेली तिबेटी देवघराची खोली : मूर्ती, थांगका (कापडावरची धार्मिक चित्रं), विधींची भांडी यांनी खच्चून भरलेली. दोन्ही पद्धती चालतात. तुमच्याकडे मुळात दोनच वस्तू आहेत, म्हणून रिकामी खोली तुम्हाला शोभेल. विठ्ठलाची मूर्ती मात्र ठेवू नका. मूर्ती आली की रांग लागते, नाणी पडतात, हार येतात, माणूस दर्शन घेऊन पुढे सरकतो. ते वाईट मुळीच नाही, पण ते देऊळ झालं, आणि देवळासाठी तो पंढरपूरला निघालेलाच आहे.

वीणा उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा, आडवी ठेवू नका. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, ती एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जमिनीवर टेकवलेली वीणा पाहून येणारा प्रत्येक वारकरी आधी चुकचुकेल.

पोथीचं गणित कडक आहे. जुनी शाई आणि कागद यांसाठी ५० लक्स ही वरची मर्यादा, आणि आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या शिफारशीनुसार अतिसंवेदनशील वस्तूंना वर्षाला १५,००० लक्स-तास. हस्तलिखितं एरवी मध्यम वर्गात धरतात, पण शाई किती टिकाऊ आहे हे माहीत नसताना हीच कडक मर्यादा पाळा. म्हणजे ५० लक्सवर फक्त ३०० तास. दिवसाला सात तास दिवा लावून ठेवलात तर वर्षाचा कोटा त्रेचाळीस दिवसांत संपतो. पण प्रत्येक तुकडीला पोथी दोनच मिनिटं उजळली तर २८ तुकड्यांची मिळून दिवसाला ५६ मिनिटं होतात, आणि ३०० दिवसांचे १४,००० लक्स-तास. बसतं! फक्त एक खाच आहे. खोलीतला मंद ५ लक्स उजेडसुद्धा दिवसभर पोथीवर पडला तर वर्षाला आणखी १०,५०० लक्स-तास जोडतो. म्हणून पोथी खोल कोनाड्यात ठेवा, खोलीतला कुठलाच दिवा किंवा प्रोजेक्टर तिला थेट दिसणार नाही अशी. शिवाय दर तीन महिन्यांनी पान उलटा. काचपेटी घट्ट बंद आणि आत सिलिका जेल, कारण दिवसा एसी आणि रात्री बंद या हेलकाव्याने कागद दमतो.

आता ते दोन प्रोजेक्टर. ३२ फुटी भिंतीवर, जमिनीलगत तीन फूट उंचीच्या पट्ट्यात, फक्त चालणारे पाय दाखवा. चेहरे नकोत, पताका नकोत, ड्रोनची दृश्यं तर नकोच. पाय कोणाचेही असतात, बघणाऱ्याचेही. प्रत्येक प्रोजेक्टरचं चित्र साधारण ५.३ बाय ३.३ मीटर, मधे जोडापुरतं एकमेकांवर. ४००० ल्युमेनचा लेझर घेतलात तर भिंतीवर सव्वादोनशे लक्सपर्यंत उजेड मिळतो. तो निम्म्यावर चालवा. लेन्सचं प्रमाण (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) ०.५ घेतलंत तर यंत्र भिंतीपासून पावणेतीन मीटरवर छताला येईल, म्हणून बसण्याची जागा भिंतीपासून निदान ९ फूट मागे ठेवा, नाहीतर सावल्या पडतील.

इथे बहुतेक जण फसतात. प्रोजेक्टरचा ‘काळा’ रंग काळा नसतो. चित्र फक्त खालच्या पट्ट्यात असलं तरी वरचा जवळजवळ पाऊण आयत अंधाऱ्या खोलीत राखाडी उजळलेला दिसतो. संगणकात काळी फिल्म टाकून तो जात नाही. लेन्सच्या पुढे थोड्या अंतरावर काळा रंगवलेला पत्रा लावून नको असलेला भाग प्रत्यक्ष अडवा. कडही त्यामुळे मऊ होते. आणि शांततेच्या वेळी चित्र काळं करण्याऐवजी लेन्सवर झडप पडेल अशी सोय घ्या. यंत्राच्या पंख्याचा आवाज ३० ते ४० डेसिबल असतो, म्हणून भोवती हवा खेळती राहील असं आवाजरोधक खोकं हवं.

आवाजासाठी आठ स्पीकर, दोन लांब भिंतींवर चार-चार, जमिनीपासून एक मीटरवर, कारण खाली बसलेल्या आणि बाकावर बसलेल्या माणसांच्या कानांची मधली उंची तीच. दिंडी लांबून येते, अंगावरून जाते, असा प्रवास या आठांतून करवा. ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष पालखीतळावर, रीतसर परवानगी घेऊन करा, आणि माइकला केसाळ टोपी घाला. आषाढातला वारा उघड्या माइकला काही ऐकू देत नाही. बासरी-संतूरचं तयार ‘मेडिटेशन’ संगीत चुकूनही नको. ते दातांच्या दवाखान्यातही वाजत असतं.

बारा मिनिटांचा क्रम साधारण असा बसतो : दीड मिनिट टेकायला, जवळजवळ काहीच न घडता. मग चार मिनिटं लांबून येणारे टाळ आणि भिंतीवर पाय. पुढची अडीच मिनिटं चढत जाणारा कल्लोळ. आठव्या मिनिटाला चोपदाराची हाळी, आवाज आणि चित्र एकदम बंद. तीन मिनिटं काहीही नाही. त्यातलं पहिलं मिनिट पूर्ण काळोख, मग दोन मिनिटं कोनाड्यातली पोथी हळूच उजळते. शेवटच्या मिनिटात वीणेची एकटी तार आणि दिवे वर. तीन मिनिटांची शांतता विश्वस्तांना कागदावर लांब वाटते आणि कोणीतरी तिथे निवेदन घालायचं सुचवतं. घालू देऊ नका. इतिहास, सनावळ्या, नकाशे सगळं बाहेरच्या दालनात लावा.

बसायला एक तृतीयांश जागा पाठ टेकता येईल अशी ठेवा : ४५ सेंटिमीटर उंचीचे बाक, उठताना धरायला हात असलेले. बाकीच्यांना लाकडी ओटा आणि घोंगडी. घोंगडीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा ऊन दाखवा. बाहेर जाण्याचा रस्ता वेगळा करा, तिथेही उजेडाच्या पायऱ्या हव्यात, आणि पहिल्या दहा फुटांत विक्रीचा काउंटर नको. ‘बाहेर’ची हिरवी पाटी अग्निशमन नियमांनुसार झाकता येत नाही. ती बसलेल्यांच्या पाठीमागे येईल अशी मांडणी करा. वीज गेल्यावर यूपीएसवर निदान दहा मिनिटं निघावीत, आणि परत आल्यावर एका बटणाने सगळं सुरू व्हावं. तंत्रज्ञ पुण्याहून येणार असेल तर दोन दिवस खोली बंद राहते.

खर्चाची ढोबळ वाटणी : निम्मा पैसा वळणवाट, छत आणि हवेवर, सातवा हिस्सा दिव्यांवर, पाचवा हिस्सा प्रोजेक्टर आणि स्पीकरवर, उरलेला बैठक आणि दुरुस्तीसाठी राखीव. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये ही वाटणी बरोबर उलटी असेल.

पालखी गावात मुक्कामाला असेल त्या दिवशी खोली बंदच ठेवा. एरवी दिवसाला ५६० माणसं मावतात, त्या दिवशी ती पहाटेच दारात असतील, आणि खरा चोपदार पलीकडच्या तळावर उभा असेल.

काही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. खिडक्यांना काळं प्लास्टिक, शाळेतून आणलेला प्रोजेक्टर, दोन स्पीकर, छतापासून टांगलेल्या गाद्या आणि गावातली पाच माणसं. बारा मिनिटांनी ‘आवडलं का’ विचारू नका, ‘किती वेळ बसलात असं वाटलं’ विचारा. आणि ही चाचणी मंगळवारच्या दुपारी नको, आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या. त्या दिवशी शांततेच्या तीन मिनिटांत बाहेरचा लाउडस्पीकर ऐकू आला, तर आधी खिडक्या नऊ इंची विटांनी चिणाव्या लागतील, आणि त्याचा खर्च वरच्या हिशोबात धरलेला नाही. हॉलच्या कोणत्या बाजूला रस्ता आहे ते कळवलंत तर वळणवाट कुठल्या टोकाला घ्यायची ते सांगता येईल.